तुझी बाजू, माझ्या तोंडून

नलू,

काल तुझ्या शोकसभेत मी तुझी शोभा केली, असं सुधीरचं म्हणणं आहे. तो मंडळाचा अध्यक्ष आहे, त्याला तसं म्हणायचा हक्क आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायचा मला. सभा संपल्यावर मी हॉलच्या दाराशी बूट घालत होते, तेव्हा तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शैलाताई, मी तुम्हाला स्पेसिफिकली रिक्वेस्ट केली होती."

केली होती खरी. बुधवारी सकाळी त्याचा फोन आला होता. "फक्त पॉझिटिव्ह मेमरीज ठेवू या, ताई. नलिनीताईंचे उकडीचे मोदक, त्यांनी बसवलेली नाटकं, नवीन स्टुडंट्सना विंटर कोट गोळा करून द्यायच्या ते. ते अफगाणिस्तान वगैरे नको. लोक सध्या फार सेन्सिटिव्ह आहेत." मी विचारलं, "तू तिचे मोदक कधी खाल्लेस?" तो म्हणाला, "खाल्ले असतील ना, गणपतीत."

तुझे मोदक फुटायचे, नलू. पंचेचाळीस वर्षं दर गणपतीत फुटायचे आणि तू ते वाटीत घालून, वर तूप ओतून, हीच खरी पद्धत आहे असं आम्हाला ठणकावून सांगायचीस. आता त्या मोदकांवर तुझी आठवण काढायची म्हणे. मी सुधीरला म्हटलं, बघते. मनात म्हटलं, हिच्याबद्दल एकदा खोटं बोलून झालंय माझं, दुसऱ्यांदा नाही बोलणार.

तुला माहीतच आहे मी कशाबद्दल बोलतेय. पण काल हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. नवी पोरं-पोरी होत्या, तू दिलेले कोट घालून आलेल्या. त्यांना तू फक्त कोटवाली आजी. आणि जुन्यांना माहीत होतं ते चुकीचं होतं. ते चुकीचं मी सांगितलेलं होतं.

आपली ओळख टोरोंटोच्या त्या पहिल्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये, लाँड्री रूममध्ये झाली. तिथेच पहिला वाद झाला, साडी ड्रायरमध्ये घालावी की नाही यावर. तो तू हरलीस, साडीही तुझीच होती. पुढे दोघी रिचमंड हिलला आलो, तू कॉलेजात इतिहास शिकवत राहिलीस, मी औषधाच्या दुकानात गोळ्या मोजत राहिले, आणि दोघींची डोकी पांढरी व्हायला लागली तेव्हा तू ती वादसभा सुरू केलीस. लायब्ररीची मीटिंग रूम, महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी दोन ते चार. दहा-बारा माणसं, बहुतेक रिटायर झालेली किंवा होऊ घातलेली, सगळ्यांना मतं फार. खोलीत खायला बंदी होती म्हणून चिवडा आपण पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर ठेवून खायचो आणि मग भांडायला आत जायचो.

तुझे वडील वाईला संस्कृत शिकवायचे. जुन्या पंडितांची रीत त्यांनी तुला लावली आणि तू ती आमच्या मानगुटीवर बसवलीस. आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. तेही "मी" म्हणून, त्याच्या जागी उभं राहून, जमलं तर त्याच्यापेक्षा चांगलं. त्याने "हे माझं" अशी कबुली दिली की मगच खोडायला सुरुवात करायची. कबुली मिळाली नाही तर पुन्हा मांडायचं. मिळालीच नाही तर उत्तर देता येणार नाही, मग चार वाजून सभा संपली तरी चालेल. बाकीचे "हे माझं" असं तोंडाने म्हणायचे. तू त्याऐवजी चष्मा काढायचीस, मिटायचीस आणि टेबलावर दोनदा आपटायचीस. त्या आवाजासाठी हार्टची ऑपरेशनं केलेले डॉक्टर कपाळाचा घाम पुसत बसलेले मी पाहिलेत. तुझा माधवसुद्धा. घरी तरी सुटत असेल बिचारा, असं आम्ही म्हणायचो.

कॅनडाचे सैनिक तेव्हा अफगाणिस्तानात होते. आपला देश बाहेर जसा वागतो, त्यामुळे दहशतवादी आपला द्वेष करतात का, हा विषय तूच काढलास. तुझं म्हणणं, फरक पडतो. माझं म्हणणं, काडीचा फरक पडत नाही. ज्यांना मारायचंच असतं ते कारण नंतर शोधतात. महिना-दोन महिने आपण तुझ्या किचनमध्ये, माझ्या किचनमध्ये, ग्रोसरीच्या रांगेत त्यावर तोंडाला तोंड देत होतो.

फक्त माझ्यासाठी तो नुसता विषय नव्हता. माझा धाकटा भाऊ अरुण त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. भारतात, भर दुपारी, बाजारात झालेल्या स्फोटात. वहिनीच्या मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकलं होतं, ते आणायला गेला होता.

तू त्याला ओळखत होतीस. एकदाच आला होता तो इकडे, उन्हाळ्यात. आम्ही हौसेने नायगाऱ्याला नेलं तर दहा मिनिटांत "बघितला" म्हणून गाडीत येऊन बसला. तू त्याला हार्डवेअरच्या दुकानात नेलंस तर तीन तास बाहेर यायला तयार नव्हता. एकेक स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बघत होता आणि तू कंटाळायचं सोडून त्याला प्रश्न विचारत होतीस. जाण्याआधी त्याने तुझ्या बेसमेंटचं कुरकुरणारं दार नीट करून दिलं. तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी तू माझ्याकडे आलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. माझा फ्रीज उघडलास, शिळंपाकं काढून टाकलंस, खालचे ट्रे धुतलेस आणि कोथिंबीर निवडत बसलीस. चार दिवस रोज आलीस. बाकीचे सगळे मला धीर देत होते, त्याचा मला वैताग आला होता. तुझ्या कोथिंबिरीचा आला नाही.

हे सगळं माहीत असूनही मी ते केलं. म्हणून सांगतेय.

फेब्रुवारीतला शनिवार होता. चिठ्ठ्या टाकल्या आणि तुझा पूर्वपक्ष मांडायची चिठ्ठी माझ्या हाती आली. तू लगेच म्हणालीस, "शैले, आज नको. दुसरा विषय घेऊ या." मीच हट्ट धरला. म्हटलं, नियम म्हणजे नियम. उभी राहिले आणि म्हणाले, "मी नलिनी. माझं म्हणणं असं, की अरुण मेला त्याला आपणच जबाबदार आहोत. आपल्या देशाने कुठेतरी काहीतरी वाईट केलं असणार, म्हणून तो मेला. मारणाऱ्यांना राग यायला कारण होतं."

तू चष्मा काढला नाहीस.

"हे माझं नाही, शैला," तू म्हणालीस. "पुन्हा मांड."

"हेच तुझं आहे. तू फक्त गोड भाषेत बोलतेस."

"पुन्हा मांड."

मी पर्स उचलली आणि निघून आले. पार्किंगमध्ये गाडीवर चार बोटं बर्फ साचला होता, तो मी हातानेच काढला. ब्रश डिकीत होता हे घरी आल्यावर आठवलं.

संध्याकाळपर्यंत फोन मिसिसागापर्यंत गेले. नलिनी शैलाच्या भावाच्या मरणाचं समर्थन करते. नलिनी दहशतवाद्यांची बाजू घेते. तुला कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. आपले लोक बोलत नाहीत, बोलवायचं बंद करतात. हळदीकुंकवाला तुला निरोप आला नाही. गणपतीचं नाटक "यंगर लोकांना चान्स देऊ या" म्हणून तुझ्याकडून काढून घेतलं. वादसभा थंडीमुळे बंद झाली आणि थंडी गेल्यावर चालू झाली नाही. मला जो तो विचारायचा, "खरंच असं म्हणाल्या का हो त्या?" मी म्हणायचे, "जाऊ दे ना."

"नाही" म्हणायचं होतं, नलू. एवढासा शब्द. मी दुःखात होते, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं दिलं. दुःखात होते हे खरंच आहे. पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि बॉम्ब ठेवणारा हाताशी नव्हता. तू होतीस.

नऊ महिने आपण बोललो नाही. मग नोव्हेंबरात एका सकाळी तुझा फोन. इकडची तिकडची विचारपूस नाही, काही नाही. "शैला, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला ड्राइव्ह करता येत नाही. माधवला क्लिनिक आहे. ४०१ च्या पुलावर जायचंय, तू नेशील का?"

मी नेलं. अफगाणिस्तानात मारले गेलेले सैनिक ट्रेंटनच्या विमानतळावर उतरायचे आणि तिथून टोरोंटोपर्यंत ४०१ हायवेने यायचे, तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक पुलावर माणसं जाऊन उभी राहायची. कुणी बोलावलेलं नसायचं. फायर ब्रिगेडची गाडी, शाळेची मुलं, झेंडे घेतलेले म्हातारे. हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. तू प्रत्येक वेळी जात होतीस हे मात्र मला त्या दिवशी कळलं. त्यांना पाठवू नका म्हणून खासदाराला पत्रं लिहिणारी तू. आणि त्यांना पाठवायलाच हवं म्हणून भांडणारी मी एकदाही गेले नव्हते.

वारा असा होता की डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत गार पडत होतं. तू साडीवर माधवचा पार्का घातला होतास, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा गॉगल, हातात छोटा झेंडा. शेजारच्या एका गोऱ्या बाईने तुला विचारलं, "इज युअर सन सर्व्हिंग?" तू म्हणालीस, "नो. आय वॉज अगेन्स्ट सेंडिंग देम. दॅट्स व्हाय आय कम." ती बाई आता तोंड फिरवणार असं मला वाटलं. तिने तुझ्याकडे जरा वेळ पाहिलं, थर्मासचं झाकण काढलं आणि तुला कॉफी दिली. मग खालून गाड्या आल्या, पुढे पोलीस, मागे काळ्या गाड्या, सगळ्यांचे दिवे लागलेले. कुणी सॅल्यूट केला, कुणी झेंडा हलवला. तू झेंडा काखेत धरून दोन्ही हात जोडलेस. मी तुझ्या मागे उभी होते, म्हणजे मी रडतेय हे तुला दिसणार नाही. तुला तसंही काही दिसत नव्हतं, पण तू न वळता मागे हात करून रुमाल दिलास.

परत येताना हीटरने काचा निवळायला बराच वेळ लागला. मग तूच सुरू केलंस. म्हणालीस, "माधव हार्ट अटॅकच्या पेशंटला विचारतो, सिगरेट ओढता का. म्हणजे अटॅक आला ते बरं झालं, असं तो म्हणतो का?"

मी म्हटलं, "पेशंटच्या पोटात कुणी सुरा खुपसला असेल तर विचारतो का तो, तुम्ही त्या माणसाशी कसे वागला होतात?"

तू एवढी हसलीस की गॉगल हातात धरावा लागला. "हा चांगला होता," म्हणालीस. "हा मला खोडता येत नाही आत्ता. घरी जाऊन बघते."

आपलं पुन्हा सुरू झालं ते असं. फेब्रुवारीतल्या शनिवाराचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. नंतर जगात इतकी युद्धं झाली की आपल्याला विषयाची ददात पडली नाही. मी म्हणायचे, ज्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही अशा देशांतही बॉम्ब फुटले, आणि ज्यांनी गावंच्या गावं बेचिराख केली ते सुखात आहेत, मग तुझा नियम गेला कुठे? तू म्हणायचीस, पावसात भिजलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही, म्हणून पावसाचा संबंध नाही असं म्हणतेस का? मी म्हणायचे, त्यांच्या रागाकडे बघून आपण धोरण ठरवलं तर त्यांना आपल्या पार्लमेंटमध्ये सीट दिल्यासारखं होईल. यावर तू चहा ओतायचीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून उत्तर द्यायचीस. हे सगळं आपल्या दोघींच्या किचनमध्ये. बाहेर तू तीच राहिलीस, दहशतवाद्यांची बाजू घेणारी. मला रोज तुझ्या हातचा चहा चालत होता आणि बाहेर जाऊन एक वाक्य बोलायला जमत नव्हतं. माणूस किती निगरगट्ट असू शकतो बघ.

माधव गेल्यावर, आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून निखिल तुला त्याच्याकडे क्यूबेकमध्ये, ब्रॉसार्डला घेऊन गेला. मी म्हटलं, आता हिचं वाद घालणं संपलं. तर तू अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी फ्रेंचच्या क्लासला जायला लागलीस, कारण बसमधल्या एका म्हाताऱ्याशी तुला क्यूबेकच्या राजकारणावर भांडायचं होतं. रोज सकाळी अकराला आपला फोन. गेल्या महिन्यात एक दिवस तू जरा दमलेली वाटत होतीस. मध्येच म्हणालीस, "शैले, तुझं एक राहिलंय."

"काय राहिलंय?"

"पूर्वपक्ष. मी पुन्हा मांड म्हटलं होतं. तू पर्स उचलून गेलीस."

सोळा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आत्ता मांडू?"

"फोनवर नको. खोटं जिथे बोललीस तिथल्या माणसांसमोर मांड." मग तू हसलीस. "मी मेल्यावर मांड. तेव्हा मी मध्ये बोलणार नाही."

मी चिडले, भलतंसलतं बोलू नकोस म्हटलं, आणि तू मला पालक किती महागलाय ते सांगायला लागलीस. तीन आठवड्यांनी निखिलचा फोन आला. आधी तू गेल्याचं सांगितलं, मग म्हणाला, "शैला मावशी, आई वाँटेड यू टू स्पीक. इन रिचमंड हिल. शी सेड यू विल नो व्हॉट इट्स अबाउट."

तर काल. तोच सगळा गोतावळा, केस पिकलेला, निम्मे वॉकर घेऊन आलेले. तुझा तो फोटो लावला होता ज्यात तू कुणावर तरी डाफरायच्या बेतात आहेस. प्रत्येकाला चार मिनिटं. माझ्याआधी सहा जण बोलले, त्यात मोदक तीनदा आले. एका बाईंनी तुझ्या मायाळू स्वभावाबद्दल सांगितलं. याच बाई त्या वर्षी तुला दुकानात पाहून दुसऱ्या आइलमध्ये वळल्या होत्या. मी तिथे होते, मी पाहिलं होतं. मी तेव्हाही काही बोलले नव्हते.

मग सुधीरने माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी नलिनी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शैलाताईंना गहिवरून आलं असावं असं वाटून कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो बाजूला ठेवला. काय बोलले ते तुला शब्दाला शब्द सांगते, कारण तुला तपासायला लागेल.

"मी नलिनी. बॉम्ब ठेवणारा गुन्हेगार आहे. पूर्ण गुन्हेगार आहे. त्याच्या गुन्ह्यातला एक कणही मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकत नाही, आणि मेलेल्यांच्या अंगावर तर नाहीच नाही. हे मी पहिल्या वाक्यात सांगतेय, कारण माझं दुसरं वाक्य लोक आधी ऐकतात. दुसरं वाक्य असं. द्वेष शिकवणारे म्होरके थोडे असतात. आपण कसेही वागलो तरी ते द्वेषच करणार, इथे शैलाचं बरोबर आहे. पण म्होरक्याला माणसं लागतात, लपायला घर लागतं, आणि बघूनही न बघितल्यासारखं करणारे शेजारी लागतात. ते त्याला कोण मिळवून देतं? आपलं विमान चुकून एखाद्या लग्नाच्या मांडवावर बॉम्ब टाकतं आणि आपण साधी माफीही मागत नाही, तेव्हा ते आपण मिळवून देतो. एखाद्या जुलमी राजाला आपण बंदुका विकतो, तेव्हा देतो. त्या मांडवातून वाचलेले बहुतेक लोक कधीच कुणाला मारणार नाहीत. पण म्होरक्याला बहुतेक लोक नकोच असतात, त्याला दोघं-तिघं पुरतात. दहशतवाद्यांना घाबरून आपण नीट वागावं असं मी म्हणत नाही. नीट वागणं हे नीट आहे म्हणूनच वागावं. पण वाईट वागलो तर त्याची किंमत कोण देतं हे आधी माहीत असावं. ती किंमत मंत्री देत नाहीत. पुलाखालून जाणाऱ्या त्या गाड्यांमधली मुलं देतात. ज्या देशावर माझं प्रेम नाही त्याच्या चुका मी कशाला मोजत बसेन? मी इथे पन्नास वर्षं राहिले, हा माझा देश आहे, म्हणून याला बोलते."

सुधीर घड्याळ बघत होता. शेवटचं राहिलं होतं.

"आणि प्रत्येक स्फोटामागे आपलं वागणं असतं, असं मी म्हणत नाही. कधी असतं, कधी नसतं, प्रत्येक वेळी शोधावं लागतं. अरुणच्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी त्यावर एक अक्षर बोललेले नाही. या विषयात अरुणचं नाव मी कधीच घेतलं नाही. तो माझ्या घराचं दार नीट करून गेलेला माणूस होता. त्याचं नाव शैलाने घेतलं, माझ्या तोंडी घातलं, आणि सोळा वर्षं तिथेच राहू दिलं. तुम्ही सगळ्यांनी ते खरं मानलंत, कारण शैलाचा भाऊ गेला होता आणि तिला उलट विचारायची कुणाला हिंमत नव्हती. ते माझं नव्हतं."

मी थांबले. त्या दुकानातल्या बाई मांडीवरच्या पर्सचं बटण उघडझाप करत होत्या. मागच्या रांगेत एक पोरगी, तुझा निळा कोट घातलेली, माझ्याकडे अशी बघत होती की मला खाली बघावं लागलं. आता पुढे काय करायचं ते मला माहीत होतं, चष्म्याच्या आवाजाची वाट बघायची. मी वाट बघत राहिले. मी विसरले असं वाटून सुधीर हळूच म्हणाला, "ताई, झालं का?" मी म्हटलं, "थांब." अजून थोडा वेळ मी तशीच उभी राहिले. मग खाली बसले.

निखिलने नंतर मला मिठी मारली. मग खिशातून तुझा चष्मा काढून माझ्या हातात दिला. "शी वूड वाँट यू टू हॅव इट." सुधीरचं मी वर सांगितलंच. त्याला मी म्हटलं, "पुढच्या वेळी पॉझिटिव्ह मेमरीज हव्या असतील तर माझ्या शोकसभेत ठेव. मी मध्ये बोलणार नाही." तुझं वाक्य चोरलं, चालेल ना?

एक गोष्ट काल कुणालाच सांगितली नाही. माझ्या पर्समध्ये तीन कागद होते, अजूनही आहेत. त्यात माझं उत्तर आहे. मला तुझं पटलेलं नाही, नलू. तू गेलीस म्हणून मला ते पटलं असं मी म्हणणार नाही, तो तुझा अपमान होईल. त्या लग्नाच्या मांडवापुरतं तुझं खरं आहे, पण मांडव नसतानाही ती माणसं त्यांना मिळतात, हे मी तिसऱ्या कागदावर असं काही मांडलंय की तुला चहा ओतावा लागला असता. पंचेचाळीस वर्षांत मला इतकं चांगलं सुचलं नव्हतं. तुझ्यासमोर मांडायला मिळालं नाही, याचं मला कालपासून इतकं वाईट वाटतंय की तुझ्या जाण्याचंही तितकं आधी वाटलं नव्हतं. ते आज सकाळी अकरा वाजता वाटलं.

चष्मा समोर किचन टेबलावर आहे, मिटून ठेवलाय. उजवी काडी जरा सैल झाली आहे, अरुण असता तर दोन मिनिटांत घट्ट करून दिली असती. मघाशी तो उचलला होता. टेबलावर दोनदा आपटायला काय लागतं? कुणी बघायला नव्हतं. आपटला की कबुली झाली, आणि माझे तीन कागद उघडायला मी मोकळी.

परत ठेवून दिला. एकदा मी तुझं म्हणणं माझ्या मनासारखं मांडलं. आता तुझी कबुलीही मीच देऊ? नाही देणार. कागद पर्समध्येच राहतील, आणि मी वाट बघत राहीन.